पालथी कढई

"तळू का नको, एवढंच सांगा मावशी. बाकीचं पुराण नको."

कातरीनमावशी ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोण गं?"

"कोण काय? मी. मार्सेलीन."

"मग बस की."

"बसायला वेळ नाही. पीठ मळून ठेवलंय."

मावशीचा हात थांबला.

"पीठ मळलंस... आणि मग विचारायला आलीस?"

मार्सेलीननं काळ्या साडीचा पदर कमरेला खोचला. ती अशीच होती. निकाल आधी लिहायची, खटला मागून चालवायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. वसईकडची ती आख्खी आळी तिला वचकून होती.

पण कातरीनमावशीला विचारल्याशिवाय तिचं पाऊल पुढं पडायचं नाही. मावशी म्हणजे तिच्या सासूची थोरली बहीण. आळीत कुणाच्या घरी माणूस गेलं की रोजरीची प्रार्थना सांगायला मावशी जायची. अडलेनडलेले सगळे तिच्या ओट्यावर यायचे. मावशी क्वचितच उत्तर द्यायची. माणसं तशीच परत निघायची, आणि अर्ध्या वाटेत त्यांना उत्तर सापडायचं.

मार्सेलीनला वाटेत कधी काही सापडलं नव्हतं. ती फार भराभरा चालायची.

"रीत तुला ठाऊक आहे," मावशी म्हणाली.

"आहे. म्हणून तर विचारते. मोडू का?"

रीत आळीत सगळ्यांनाच ठाऊक होती. ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलं, त्या घरात नाताळाला कढई चढत नाही. शेजारपाजारचे ताटल्या पाठवतात. कुलकुल, नेवऱ्या, साच्याची गोड फुलं. दुखवट्याच्या घरानं नुसतं घ्यायचं.

आणि ताटली रिकामी परत करायची.

एरवी रिकामी ताटली परत करणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. दुखवट्याच्या घरानं तेही करायचं नाही.

मार्सेलीनची सासू आनी ऐन पावसात गेली होती.

"का मोडायचीय?" मावशीनं विचारलं.

"आईला शब्द दिलाय. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, नाताळाला म्हाताऱ्याचं तोंड गोड कर. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी."

"सांतान जेवतो का?"

"पेज पितात. ती पण मी डोळे वटारले तर."

"बोलतो?"

मार्सेलीननं मान हलवली. आनीला मातीत ठेवून आल्यापासून सासऱ्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाला, रोग काही नाही, खायला घाला. खायला घाला म्हणे! जबडा उघडून ओतायचं का?

"माझ्या हातचे कुलकुल समोर आले की खातील," ती म्हणाली. "इतकी वर्षं खाल्लेत. या आळीत माझ्यासारखा कुलकुल कुणाचा होतो, सांगा बघू!"

"कुणाचा नाही."

"मग?"

"ताटल्या आल्या का शेजारच्या?"

मार्सेलीनचं तोंड कडू झालं.

"आल्या."

"मग?"

"मग काय? येतात ताटल्या. त्यांना काय होतंय यायला."

मावशीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. काठी घेतली.

"चल."

"म्हणजे तळू?"

मावशी पायऱ्या उतरायला लागली होती.

घरी मागच्या पडवीत चटई अंथरली होती. मार्सेलीनचा नवरा बस्त्याव आणि मुलगी अल्विना कुलकुल वळत बसले होते. नारळाच्या दुधात मळलेलं पीठ, त्याची चिंचोक्याएवढी गोळी. ती जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्यानं अलगद पुढं ढकलायची, की शिंपल्यासारखी वळते, अंगावर रेघा उमटतात.

बस्त्यावच्या उमटत नव्हत्या.

"पप्पा, हे काय? सुरवंट?"

"गप गं. तेलात गेल्यावर सगळे सारखेच."

"मम्मीला दाखवा, मग कळेल."

"दाखवायला कशाला पाहिजे? तिला वासानं कळतं."

म्हातारा सांतान दाराशी खुर्चीत बसला होता. तोंड केळीच्या वाडीकडं. त्या वर्षी दारात चांदणी टांगली नव्हती, बाळयेशूचा गोठा मांडला नव्हता. पोरांची गाणी आळीतून यायची आणि त्या दारावरून मुकाट्यानं पुढं जायची.

विटांच्या चुलीवर मोठी कढई बसवली होती. तेल ओतायचं आणि काडी लावायची तेवढी बाकी.

मावशीनं सगळं बघितलं. चटई, पीठ, चूल, म्हातारा. मग काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी कढईचे कान धरले.

बस्त्याव धडपडत उठला. "मावशी, जड आहे, मी..."

"बस."

तिनं कढई खाली उतरवली. जमिनीवर पालथी घातली. ठण्णकन आवाज झाला.

आणि ती कढईवर बसली.

अल्विना फिस्सकन हसली. आईनं बघितलं तशी पिठात तोंड घालून वळायला लागली.

"मावशी, पाट आणते," मार्सेलीन म्हणाली.

"कशाला? हा बरा आहे."

"म्हणजे तळायचं नाही तर!"

"मी बोलले का काही?"

"मग उठा."

"गुडघे धरलेत गं... आत्ताच बसले ना."

मार्सेलीनचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. दुसरं कुणी असतं तर तिनं कढईसकट उचलून अंगणात ठेवलं असतं. पण सासूच्या थोरल्या बहिणीला हात कसा लावायचा?

"बसा," ती म्हणाली. "खुशाल बसा. मी पण इथंच आहे. ओलं फडकं टाकलंय पिठावर, ते काही लगेच वाळत नाही. बघू कोण आधी उठतं ते."

ती चटईवर फतकल मारून बसली आणि काटा उचलला. तिच्या हाताखालून कुलकुल असे पडायला लागले की बघत राहावं. सगळे एका मापाचे, एका रेघेचे. बस्त्यावनं आपले सुरवंट हळूच मांडीआड सरकवले.

"दिसले मला," मार्सेलीन म्हणाली.

चर्चची दुपारची घंटा झाली. सगळ्यांनी कपाळाला बोटं लावून क्रूस काढला, आणि पुन्हा वळायला लागले.

...

"भूक लागली गं," मावशी म्हणाली.

"भात आहे. बोंबलाचं कालवण आहे. वाढू?"

"गोड काही नाही?"

"तळू दिलंत तर असेल!"

मावशीनं काठी उचलली. काठीचं टोक भिंतीकडं केलं.

"या कुठं चालल्यात?"

सगळ्यांनी बघितलं. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची रांग निघाली होती. भिंतीवरून खाली, खालून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून आतल्या खोलीत. कोपऱ्यात लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराच्या फटीत रांग शिरत होती.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली मार्सेलीनच्या कमरेला.

"मुंग्यांना कळलं," मावशी म्हणाली.

बस्त्यावनं हातातला काटा खाली ठेवला.

"मार्सेलीन... ताटल्या कपाटात आहेत?"

ती वळतच राहिली.

"मला म्हणालीस, कुणी पाठवल्या नाहीत! मी आठवडाभर आख्ख्या आळीला मनातल्या मनात शिव्या घालतोय! काल आळीतला पास्कू हसला माझ्याकडं बघून, मी तोंड फिरवलं!"

"बरं केलंत. तसाही तो फार हसतो."

"अगं पण का?"

मार्सेलीनचा काटा चटईवर आपटला.

"का म्हणजे? दारात ताटली घेऊन उभं राहिलेल्या माणसाला परतवू कशी? घेतल्या. पण खायच्या कशाला? यातल्या निम्म्या बायांना काटा धरायला मी शिकवलं. त्यांच्या घरचं उष्टंपाष्टं मी ताटात घेऊ? आणि ताटली परत देताना काय घालू? वारा? या घरातून रिकामी ताटली कधी गेली नाही, आणि मी जिवंत आहे तोवर जाणार नाही. मी तळणार. एकेक ताटली काठोकाठ भरून परत करणार. उद्या कुणी म्हणायला नको, की मार्सेलीननं आमचं खाल्लं."

बोलून झाल्यावर तिला धाप लागली.

"आणि सांतान?" मावशीनं विचारलं.

"त्यांना पण देईन ना."

"पण..." मावशी म्हणाली. "हं."

एवढंच. पुढं काही नाही. मावशी हात मांडीवर ठेवून कढईवर बसून राहिली.

मार्सेलीनला त्या गप्प बसण्याचा राग आला. कुणी चार शब्द सुनावले असते तर तिनं आठ सुनावले असते. भांडणात ती हरली नव्हती कधी. पण समोरचा माणूस भांडतच नसेल तर हात कुणावर उगारायचा?

ती ताडकन उठली. कुलूप काढलं. कपाट धाडकन उघडलं.

"घ्या! खा! म्हणजे एकदाचं कळेल काय पाठवतात ते!"

फडक्यांनी झाकलेल्या ताटल्या एकावर एक रचल्या होत्या. मुंग्या वरच्याच ताटलीत शिरल्या होत्या. निळ्या काठाची, इनॅमलचा टवका उडालेली ताटली. शेजारच्या ब्रिजीतची.

मार्सेलीननं ती उचलली, मुंग्या फुंकून झटकल्या आणि मावशीच्या पुढ्यात ठेवली.

"बघा. कुलकुल म्हणे! गोफणीत घालायला बरे. रंग बघा, कोळशाचा धाकटा भाऊ. वर्षानुवर्षं असलेच करते ती बाई. कितीदा सांगितलं, लोणी जास्त घाल, तेल मंद ठेव. ऐकेल तर शपथ."

मावशीनं एक उचलला. दात तिला नव्हतेच. तिनं तो गालात ठेवला आणि डोळे मिटले.

तिचा गाल हळूहळू हलत राहिला.

मग तिनं डोळे उघडले, ताटली उचलली आणि हात लांब करून खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या समोर धरली.

"सांतान..."

"मावशी, नको!" मार्सेलीन ओरडली. "उरलेत तेवढे दात पडतील त्यांचे!"

सांतान वाडीकडं बघत होता.

मावशीनं हात मागं घेतला नाही. म्हातारीचा हात थरथरायला लागला. ताटलीतले कुलकुल एकमेकांवर वाजायला लागले, खडखड, खडखड... वाळूतल्या शिंपल्यांसारखे.

त्या आवाजानं म्हाताऱ्यानं मान वळवली.

त्यानं ताटलीकडं बघितलं. एक उचलला. तोंडात टाकला. गालफडाची हाडं हलली. कट्ट असा आवाज झाला.

चटईवरचे काटे थांबले.

म्हातारा चघळत राहिला. चघळता चघळता थांबला. पुन्हा चघळायला लागला.

"कातरीन..."

घोगरा आवाज. गंजलेली कडी सरकवावी तसा.

"कातरीन... आनीनं पुन्हा मीठ जास्त टाकलं."

अल्विनाच्या हातातली गोळी चटईवर पडली.

"हं," मावशी म्हणाली. "ऐकायचीच नाही ती."

"दगड."

"दगडच."

"किती सांगितलं तिला..." म्हातारा म्हणाला, आणि त्यानं दुसरा उचलला.

त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, कळत नव्हतं. कळून घ्यायची कुणाची छातीही नव्हती.

"ब्रिजीतबाय वळायला यायची आपल्याकडं," बस्त्याव हळूच म्हणाला. "मी लहान होतो. आईनं शिकवलं तिला. आईसारखेच करते... अजून."

मार्सेलीन कपाटाच्या उघड्या दाराला धरून उभी होती.

लग्नानंतरचा पहिला नाताळ तिला आठवला. सासूनं तळलेला कुलकुल तिनं दाताखाली घेतला होता आणि मोरीत जाऊन थुंकला होता. मग म्हणाली होती, आई, तुम्ही बसा, मी करते. झारा सासूच्या हातातून घेतला. त्या वर्षी आळीनं तोंडभरून वाहवा केली. सासू बाजूला बसली. ती बाजूलाच बसली. दर नाताळाच्या चार दिवस आधी ती ब्रिजीतच्या घरी जायची आणि हाताला पिठाचा वास घेऊन परत यायची. मार्सेलीनला वाटायचं, म्हातारी गप्पा मारायला जाते.

आणि ब्रिजीतची ताटली आली की सासरा ती घेऊन मागच्या अंगणात जायचा. ताटली रिकामी करून आणायचा.

मार्सेलीनला वाटायचं, कोंबड्यांना घालतो.

...

म्हाताऱ्यानं खाल्ले. मावशीनं खाल्ले. अल्विनानं एक तोंडात टाकला आणि गाल फुगवून बसली. बस्त्याव "आईगं, दाढ!" म्हणाला आणि आणखी एक घेतला.

ताटली रिकामी झाली.

"आणखी आहेत?" सांताननं विचारलं.

कपाटात दुसऱ्या ताटल्या होत्या. पांढरेशुभ्र, खुसखुशीत, मार्सेलीननं शिकवलेल्या बायांचे. अल्विनानं एक ताटली पुढं केली. म्हाताऱ्यानं बघितलं आणि मान फिरवली.

मार्सेलीननं निळ्या काठाची ताटली उचलली. मोरीवर नेऊन घासली. पदरानं पुसली. मग फळीवरचा साखरेचा डबा काढला, त्यात हात घातला आणि मूठ भरली.

"काय करतेस?" पडवीतून मावशीचा आवाज आला.

"साखर घालते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आणखी मागायला जायचंय. रिकामी ताटली घेऊन कशी जाऊ?"

मावशी काही बोलली नाही.

"लाजेनं मरेन मी, मावशी!"

मावशी काही बोलली नाही.

मार्सेलीन मूठ आवळून उभी राहिली. मनगटावरच्या शिरा तटतटल्या. आयुष्यात ती पुष्कळ ओझी उचलत आली होती. केळीचे लोंगर, पाण्याचे हंडे, सासूची खाट. त्या मुठीइतकं जड तिनं काही उचललं नव्हतं.

तिनं मूठ डब्यात उघडली. घामानं तळव्याला चिकटलेली साखर पदराला पुसली. डब्याचं झाकण लावलं. आणि मागं न बघता निघाली.

ब्रिजीत अंगणात तळत बसली होती. धुरानं डोळे लाल, केसांना पीठ लागलेलं. कढईत तेल रागानं उसळत होतं.

"अगं बया!" ती म्हणाली. "मार्सेलीन? माझ्या दारात? आज सूर्य वाट चुकला का काय?"

"सहज आले."

"सहज? नाताळाच्या तोंडावर? तू?" ब्रिजीतनं मान वाकडी करून बघितलं. "हात पाठीमागं कशाला?"

"काही नाही."

"ताकाला आलीस आणि भांडं लपवतेस होय गं?"

मार्सेलीननं हात पुढं केला.

ब्रिजीतनं ताटली घेतली नाही. आधी आत वाकून बघितलं. एक कण नव्हता. तिचा चेहरा पडला.

"टाकून दिलेस वाटतं. नसतील आवडले. आमचं कुठं तुमच्यासारखं..."

"संपले."

"कोंबड्यांनी संपवले?"

"बाबांनी."

ब्रिजीतचा झारा कढईवर तसाच राहिला.

"सांतानकाकांनी? खाल्ले?"

"मीठ जास्त आहे म्हणाले."

"म्हणाले...?" ब्रिजीतचा आवाज फाटला. "बोलले ते?"

"बोलले."

ब्रिजीतनं कोपरानं डोळे पुसले.

"धूर फार आहे गं," ती म्हणाली.

"आहे खरा," मार्सेलीन म्हणाली.

ब्रिजीतच्या पाठीमागं कढईतले कुलकुल तांबूस झाले, तपकिरी झाले, काळपट व्हायला लागले. मार्सेलीनला दिसत होतं. तिचा उजवा हात आपोआप वर आला. जाळ ओढ मागं, बाई! चुलीतलं लाकूड काढ! शब्द दातांपर्यंत आले होते.

तिनं दात आवळले. हात खाली घेतला.

"आणखी आहेत?" तिनं विचारलं.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं की तुला. आणखी दे. बाबांना हवेत."

ब्रिजीत बघत राहिली. मग तिला कढईची आठवण झाली. तिनं घाईघाईनं झारा फिरवला आणि कपाळावर हात मारला.

"मेले! ही खेप करपली बघ. थांब, दुसरी काढते."

"करपलेले दे."

"असले नेशील?"

"दे म्हणते ना. जास्त बोलायला लावू नको."

ब्रिजीतनं ताटली भरली. झाकायला फडकं शोधायला ती आत वळली, तोवर मार्सेलीन निघालीही होती.

आळीत सगळ्यांच्या दारात बायका बसल्या होत्या. कुणाच्या हातात काटा, कुणाच्या हातात लाटणं. सगळ्यांनी बघितलं. मार्सेलीन दुसऱ्याच्या घरची ताटली घेऊन उघड्यावरून चालली होती. ताटलीत काळे दगड. वर फडकंसुद्धा नाही.

तिनं मान खाली घातली नाही. ताटली दोन्ही हातांनी धरली, छातीशी. एकही कुलकुल सांडू नये म्हणून ती हळू चालली. त्या आळीत तिला कुणी इतकं हळू चालताना बघितलं नव्हतं.

पडवीत मावशी कढईवर तशीच बसली होती.

सांतान खुर्चीतून उतरून चटईवर बसला होता. त्याच्या हातात काटा होता. तो वळत नव्हता, नुसता काट्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत होता. अल्विना त्याच्यासमोर गोळ्या मांडत होती.

मार्सेलीननं ताटली सासऱ्यापुढं ठेवली.

त्यानं बघितलं. वास घेतला.

"करपवलेत," तो म्हणाला, आणि खायला लागला.

मार्सेलीन मावशीसमोर येऊन उकिडवी बसली. आता पदर कमरेला खोचलेला नव्हता.

"उठा, मावशी. मी नाही तळत."

"शब्द दिलास ना आनीला?"

"त्यांचं तोंड गोड झालंय. कुणाच्या हातानं का होईना."

"आणि पीठ?"

"ब्रिजीतला देते. तिच्या तेलात काय व्हायचं ते होऊ दे."

"करपवील ती."

"करपवू दे."

"आणि बाकीच्या ताटल्या?"

मार्सेलीननं कपाटाकडं बघितलं.

"खाऊ. घासून देऊन येईन सगळ्यांच्या." ती थांबली. "तशाच."

मावशी तिच्याकडं बघत राहिली. चुलीच्या विटा गार होत्या. बस्त्यावनं वळायचं थांबवलं होतं.

मग मावशीनं हात पुढं केला. मार्सेलीननं तो धरला आणि तिला उठवलं. म्हातारीचे गुडघे कुरकुरले. ती जरा वेळ वाकलेलीच राहिली, पाठ सरळ होईपर्यंत. मग पुन्हा वाकली, पालथ्या कढईचे कान धरले, ती उलटी केली, पदरानं आतून पुसली आणि आपल्या हातानं चुलीवर ठेवली.

"घेतलंस ना? आता तळ."